मदत हवी आहे: एक्झोसोममध्ये एलएमपी-१ चा बँडच येत नाही

अर्धवट_पीएचडी
चौथं वेस्टर्न (प्रथिनं बँडच्या रूपात दाखवणारा ब्लॉट) वाया गेलं. विषय: विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये एक्झोसोमचं, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या बारीक पुड्यांचं, काम. कॅन्सरच्या पेशींनी बाहेर टाकलेले एक्झोसोम साध्या पेशींवर घालायचे आणि त्या बिघडतात का ते बघायचं. सीडी-६३ येतो, सीडी-८१ येतो (एक्झोसोमच्या ओळखीची प्रथिनं), विषाणूचं प्रथिन एलएमपी-१, त्याच्या जागी कोरं. अल्ट्राचा (एक्झोसोम तळाशी बसवणारं अतिवेगवान सेंट्रिफ्यूज) नंबर आठवड्यातून एकदाच लागतो आणि सोमवारी गाईडसमोर बसायचंय. कुठे चुकतंय? प्लीज लवकर.

खोडरबर
घशाचा म्हणजे कुठला? टॉन्सिल नाहीतर जिभेच्या मुळाचा असेल तर तो बहुतेक एचपीव्ही-१६ या विषाणूचा. त्यात एलएमपी-१ जन्मात सापडणार नाही. ते एपस्टाइन-बार विषाणूचं (ईबीव्ही) प्रथिन.

अर्धवट_पीएचडी
नाकामागचा घसा, ईबीव्ही. एलएमपी-१ लिहिलंय म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

रोटर_दादा
अल्ट्राचा नाद सोडा, कॉलम (कण आकारानुसार वेगळे करणारी नळी) घ्या. १,००,००० जी ला सत्तर मिनिटं फिरवून तळाशी जे बसतं त्यात निम्मे प्रथिनांचे गठ्ठे असतात. मी कॉलमवर गेलो आणि सुखी झालो.

गाळणी
कॉलममधून निघालेला माल इतका पातळ असतो की पुन्हा आटवत बसा! अल्ट्राला काही झालेलं नाही. सीरम कुठलं वापरलं ते सांगा. गाईच्या सीरममध्ये गाईचे एक्झोसोम असतात. पेशी वाढवायच्या मीडियात घालण्याआधी ते रात्रभर फिरवून काढलेत का?

रोटर_दादा
गाईच्या एक्झोसोममुळे ईबीव्हीचं प्रथिन गायब होतं? प्रश्न तरी वाचा.

गाळणी
वाचलाय. लेनमध्ये वीस मायक्रोग्रॅम भरले आणि त्यातले पंधरा गाईचे निघाले, तर बँड कुठून दिसणार? मोजणी फुगते हो, दादा.

चौकस_काका
आमच्या हिला पार्लरमध्ये चेहऱ्याला एक्झोसोम लावा म्हणाले. वरचं वाचून घाबरलो. त्यानं घशाचा कॅन्सर होतो का?

खोडरबर
काका, पार्लरचा वेगळा धागा काढा. पण घोळ कुठे होतोय ते सांगतो. एक्झोसोम म्हणजे ३० ते १५० नॅनोमीटरची पुडी. जवळजवळ प्रत्येक पेशी अशा पुड्या सोडते. पुडी कोणी बांधली आणि आत काय घातलं, त्यावर सगळं ठरतं. ईबीव्ही असलेल्या ट्यूमरच्या पुडीत एलएमपी-१ असू शकतो, वाढीचा संकेत घेणारा ईजीएफआर असतो, विषाणूचे मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारे छोटे तुकडे) असतात. शेजारच्या पेशीनं ती पुडी गिळली की तिच्यातही वाढीचे संकेत सुरू होतात, विषाणू तिच्यात शिरलेला नसला तरी. शिवाय गॅलेक्टिन-९ हे प्रथिन असतं. ते टी पेशीच्या (रोगाशी लढणारी पेशी) पृष्ठभागावरच्या टिम-३ ला जाऊन चिकटतं आणि ट्यूमरवर चालून आलेली ती पेशीच मरते. मला तर हा भाग एलएमपी-१ पेक्षा जास्त भारी वाटतो, पण ते असो.

निशाचर
एवढं करण्यापेक्षा एचपीव्हीची लस घ्या. मुलग्यांनाही द्या, फक्त मुलींना नव्हे.

खोडरबर
सल्ला चांगला आहे, धागा चुकला. इथे ईबीव्ही चाललाय, त्याची लस अजून बाजारात नाही.

पेपरवेट
एवढे प्रतिसाद झाले, सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) कुठली हे कुणीच विचारलं नाही? आणि लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेला अर्क) एलएमपी-१ आहे का?

अर्धवट_पीएचडी
लायसेट लावलंच नाही, काम एक्झोसोमवर आहे म्हणून. लाइन सीएनई-२. दुसऱ्या लॅबमधून आलेली, नळीवर मार्करनं लिहिलंय, पासेज नंबर (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) पुसलाय.

पेपरवेट
मग अल्ट्रा, कॉलम, गाय सगळं बाजूला ठेवा. सीएनई-१, सीएनई-२, होन-१ या लाइनींमध्ये हेलाची भेसळ सापडलेली आहे. हेला म्हणजे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या ट्यूमरमधून घेतलेल्या पेशी. त्यात ईबीव्ही नाही, एचपीव्ही-१८ आहे. पेशीतच एलएमपी-१ नसेल तर पुडीत कुठून येणार? सीडी-६३ बघून तुम्ही निश्चिंत झालात, पण तो कुठलीही पेशी देते.

आज एचपीव्ही-१८ च्या ई-६ जनुकाचा पीसीआर लावा. एसटीआर प्रोफाइलला (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) नमुना पाठवा. पुढच्या ब्लॉटला पहिल्या लेनमध्ये बी-९५-८ चं (एलएमपी-१ असलेली ईबीव्हीची लाइन) लायसेट भरा, म्हणजे अँटीबॉडी चालते की नाही ते तरी कळेल. सी-६६६-१ या लाइनमध्ये ईबीव्ही खरोखर आहे, पण एलएमपी-१ तिच्यातही फिका. ती मागवण्याआधी एलएमपी-१ च हवाय का, हे गाईडना विचारा.

रोटर_दादा
हे बरोबर. तरी कॉलम घ्याच.

अर्धवट_पीएचडी
ई-६ चा बँड आला. ठसठशीत. बी-९५-८ मध्ये एलएमपी-१ दिसतोय, माझ्या लायसेटमध्ये नाही. म्हणजे दीड वर्ष मी हेलाच्या पुड्या गोळा करत होते. सोमवारी सरांना नळी दाखवायची की जेल, ते ठरत नाहीये.

पेपरवेट
जेल. आणि नळी फेकू नका, एसटीआरला लागेल.

गाळणी
सीरमचं काय केलंत ते अजून सांगितलं नाहीत.