'ग्रूव्ह'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:
ड्रमवादनावर मराठीत एक लेख लिहितोय. ड्रमरनं सोलोवर जास्त मेहनत घ्यावी की ग्रूव्हवर, असा विषय आहे. 'सोलो'ला 'एकलवादन' आहेच, तिथे अडत नाही. 'ग्रूव्ह'पाशी, म्हणजे गाण्याखाली सतत चालणाऱ्या, ऐकणाऱ्याला डोलायला लावणाऱ्या वादनापाशी अडलोय. 'ताल' लिहिलं की झपताल-रूपक डोळ्यांपुढे येतात, 'लय' म्हटलं तर नुसता वेग वाटतो. शब्दकोशात 'खाच', 'चर', 'चाकोरी' मिळाले. काय वापरावं?

उत्तर:
'चाकोरी' नको. तसा अर्थ जवळचा आहे. गाडीची चाकं जाऊन जाऊन रस्त्यात पडते ती चाकोरी, आणि ग्रूव्हचा मूळ अर्थही चर किंवा खाच असाच. तबकडीवर सुई ज्या खाचेतून फिरते तीही ग्रूव्हच. १९३०च्या दशकात अमेरिकेतले जॅझवाले वादन जमून आलं की 'खाचेत आहे' अशा अर्थानं हा शब्द वापरू लागले. पण आपल्याकडे 'चाकोरीबाहेरचा' ही स्तुती आणि 'चाकोरीबद्ध' ही टीका. ज्याचं कौतुक करायचं त्यालाच हा शब्द उलटा पडेल.

मी ड्रम वाजवतो. माझं मत 'ठेका'. या शब्दाबरोबर मराठीत दोन क्रियापदं येतात: वादक ठेका देतो आणि ऐकणारा ठेका धरतो. ग्रूव्हचं सगळं मर्म या दुसऱ्या क्रियापदात आहे. मात्रा बरोबर मोजल्या म्हणून ग्रूव्ह झाला असं होत नाही, समोरच्याच्या पायानं आपणहून ठेका धरावा लागतो.

अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या बँडमधला ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड घ्या. २० नोव्हेंबर १९६९ला सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं. त्यात ब्राऊन मधेच त्याला सांगतो, भाऊ, सोलो करायची गरज नाही, जे धरलंयस तेच धरून ठेव. मग बाकीची वाद्यं थांबतात आणि साधारण वीस सेकंद एकटा ड्रम. अशी मोकळी जागा मिळाली की बहुतेकांचे हात आधी सिम्बलकडे, म्हणजे झणझणणाऱ्या थाळ्यांकडे धावतात. स्टबलफील्ड काहीच बदलत नाही. हाय-हॅटवर (पायानं मिटणाऱ्या थाळ्यांच्या जोडीवर) मात्रेला चार असे सलग ठोके, स्नेअरचा (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा) ठळक ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि मधल्या फटींमध्ये त्याच स्नेअरवर काठी नुसती टेकवल्यासारखे पुसट ठोके. ते पुसट ठोके गाळून वाजवून बघा. मात्रा त्याच राहतात, पण पाय हलायचा थांबतो. हा तुकडा पुढे हिप-हॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत उचलला. गीतकारांत स्टबलफील्डचं नाव नव्हतं, त्यामुळे त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. २०१७ साली तो गेला. मला हे अजून लागतं.

मी स्वतः सुरुवातीला ऑर्केस्ट्रात प्रत्येक ओळीच्या शेवटी ठेका सोडून तोडा, म्हणजे ठोक्यांची छोटी भरारी मारायचो. एकदा तालमीत गायिका थांबली आणि म्हणाली, "दादा, मला मुखडा उचलताच येत नाहीये." ठेका म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक उत्तर:
मी तबल्याचा विद्यार्थी. 'ठेका' पटतो, पण पूर्ण नाही. आमच्याकडे ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. 'त्याच्या वाजवण्यात ग्रूव्ह आहे' याचं 'त्याच्या वाजवण्यात ठेका आहे' केलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही, ठेका तर सगळेच वाजवतात. तिथे 'वजन', 'डौल' किंवा 'झोल' लागतो. तोच आठ मात्रांचा केरवा दोघं वाजवतात, एकाचा झुलतो, दुसऱ्याचा नुसता मोजला जातो. 'झोल' मला सर्वांत प्रिय आहे, पण मुंबईकडे झोल म्हणजे भानगड, तेव्हा वाक्य जपून बांधा.

'एकलवादन'ही वाटतं तितकं सोपं नाही. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लहरा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनाची तीच ती धून, चालू असतो. आवर्तन पेटी सांभाळते म्हणून तबलजी कायदे-गती अशा रचना मांडायला मोकळा होतो. ड्रम-सोलोत बहुधा बाकीचे थांबतात, त्यामुळे सोलो की ग्रूव्ह असा वाद तिकडे जास्त होतो. थिरकवा खाँसाहेबांचं नाव एकलवादनासाठी किती आदरानं घेतात, आणि तेच गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत. आम्हाला तरी त्यांतलं एक कमी असं कुणी शिकवलं नाही.

पहिला उत्तरदाता:
लहऱ्याचा मुद्दा फार चांगला काढलात. जॅझ ड्रमर मॅक्स रोचचं १९६६चं 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ऐका. दोन्ही पाय तीन मात्रांचा ठेका धरून बसलेत आणि वर हात बोलतायत. तो लहरा स्वतःच्याच पायांनी देतो. लेखात हे उदाहरण घ्याच, आणि तिथे 'सोलो' शब्द तसाच ठेवा. 'एकलवादन' म्हटलं की वाचकाला पेटी ऐकू येईल.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. मग वाजवायच्या आकृतीला 'ठेका' लिहितो आणि गुणाबद्दल बोलताना 'ठेका झुलतो', 'ठेक्याला वजन आहे'. पहिल्यांदा येईल तिथे 'ग्रूव्ह'ही ठेवतो, वादक तोच शब्द बोलतात. एक राहिलं: 'पॉकेटमध्ये वाजवणं' याचं काय करू?

पहिला उत्तरदाता:
ठोका जागेवर पडणं. तालमीत आम्ही एवढंच म्हणतो: "आता जागेवर पडतोय."