मदत हवी आहे: जर्मनीत भाड्याच्या घरात बुरशी, घरमालक म्हणतो चूक तुमचीच

नमस्कार मंडळी. ऑगस्टपासून आम्ही म्युनिकमध्ये आहोत. मी, नवरा आणि साडेतीन वर्षांची लेक. इमारत जुनी, पण खिडक्या नव्या आणि घट्ट. डिसेंबरात लेकीच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात कपाटामागे, मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले. आता तळहाताएवढा डाग झालाय.

घरमालकाला फोटो पाठवले. उत्तर आलं की तुम्ही खिडक्या उघडत नाही, स्वयंपाकाची वाफ कोंडते, तेव्हा खर्च तुमचा. (कुकरच्या तीन शिट्ट्यांनी दोन खोल्यांपलीकडची भिंत काळी पडते, हे मला नवीनच!)

कपाट भिंतीपासून दहा सेंटीमीटर पुढे ओढलंय. ७० टक्के अल्कोहोलने पुसलं, तीन आठवड्यांत परत आलं. आधी खिडकी दिवसभर तिरकी, म्हणजे वरून किंचित उघडी, ठेवायचो. त्याने भिंत उलट गार पडते हे कळल्यापासून दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडतो. तरी सकाळी हायग्रोमीटर हवेतली आर्द्रता ६८ टक्के दाखवतो. हीटिंग बंद करत नाही, खोली १९ अंशांवर असते. कपडे घरातच वाळतात हे मान्य, पण गॅलरी नाही आणि ड्रायरला जागा नाही.

घर बदलणं सध्या शक्य नाही. भाडं स्वतःहून कापायचं नाहीये. भाडेकरू संघटनेचे, म्हणजे मीटरफेराइनचे, सभासद अजून झालेलो नाही.

ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी सांगा: दोष बांधकामाचा की आमच्या राहणीचा हे ठरवताना आपणच रोज लिहिलेली तापमान-आर्द्रतेची वही चालते का, की तज्ज्ञ आणावाच लागतो? आणि आणलाच, तर त्याचे पैसे आधी कोणी भरायचे?