गनिमी कावा खरोखरच स्वस्त पडतो का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
लाल समुद्रात येमेनमधील हुथी बंडखोरांचे काही हजार डॉलरांचे ड्रोन पाडण्यासाठी अमेरिकी नौदलाने सुमारे २० लाख डॉलरांचे एकेक क्षेपणास्त्र डागल्याचे वाचले. कवायती फौजेचा हा खर्च परवडणार नसेल, तर गनिमी काव्याकडे परत वळणेच शहाणपणाचे नाही का?

निवृत्त सुभेदार, निपाणी:
क्षेपणास्त्राच्या किमतीची तुलना ड्रोनशी करू नये; ड्रोन ज्या विनाशिका युद्धनौकेवर आदळला असता तिच्याशी करावी, आणि ती सुमारे २०० कोटी डॉलरांची असते. माझ्या मते पैशांपेक्षा साठ्याची अडचण मोठी आहे. ड्रोन साध्या शेडमध्येही जुळवता येतात. क्षेपणास्त्रांचे कोठार मात्र एकदा रिते झाले की भरायला वर्षे लागतात.

खानापूर:
सुभेदारसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु गनिमाचा खर्च कोण सोसतो हेही पाहावे. डिसेंबर १८२४ मध्ये कंपनी सरकारने तोफा लावून कित्तूरचा किल्ला घेतला. पुढे १८२९-३० मध्ये कित्तूरच्याच पदरी असलेल्या संगोळी रायण्णाने आमच्या भागातील जंगलांच्या आधाराने सरकारी कचेऱ्या जाळल्या आणि खजिने लुटले, तेव्हा त्याच्यापाशी राखायला किल्लाच नसल्यामुळे त्या तोफा कशावर डागायच्या हा प्रश्न पडला. तरीही त्याची माणसे हवेवर जगत नव्हती. भाकरी गावांची होती आणि सरकारचा रोषही गावांनाच सोसावा लागे. शेवटी तो सापडला तो फितुरीने, आणि १८३१ मध्ये नंदगडला त्याला फाशी देण्यात आले. फितुरीसाठी तोफखाना लागत नाही.

सौंदत्ती:
याच्या उलट उदाहरण कंपनी सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या धोंड्या वाघाचे. १८०० साली त्याच्या पाठलागावर असलेल्या कंपनीच्या सेनानी वेलस्लीने आपली भिस्त तोफांपेक्षा बैलांवर आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवर ठेवली होती, त्यामुळे त्याची पलटण मुलूख ओलांडत राहू शकली. धोंड्याचा जमाव वाढला तसे त्याच्यामागे बाजारबुणगेही वाढले, आणि ३० जुलैला मुनवळ्ळीपाशी मलप्रभेच्या काठावर नेमके तेच वेलस्लीच्या हाती लागले. सप्टेंबरात कोनगलच्या लढाईत धोंड्या मारला गेला. ज्याच्यामागे एवढे सामान आहे, त्याला गनीम तरी कसे म्हणावे?

प्रश्नकर्ता:
म्हणजे कवायती फौजेने गनिमाचे काहीच उचलू नये, असे आपले म्हणणे आहे का?

निवृत्त सुभेदार, निपाणी:
तसे मुळीच नाही. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये छाप्यासाठी आणि दबा धरण्यासाठी ‘घातक’ नावाची छोटी पलटण असते, आणि तिच्या जवानांना आपल्या बेळगावच्याच कमांडो विंगमध्ये तयार केले जाते. मात्र ही माणसेही स्वस्त नसतात. निवडलेल्यांपैकी कितीतरी जण प्रशिक्षणातच गळतात, आणि उरलेल्यांच्या पाठीशी वायरलेस, हेलिकॉप्टर आणि वेळेवर पोहोचणारा तोफमारा ठेवावाच लागतो.