नॅरोबोट घेऊन लॉक उतरायचंय, उंबऱ्याची नेमकी भानगड काय?

नांदेडचा_नावाडी: इंग्लंडमध्ये ५७ फुटी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतोय, चौघं जण आहोत. वाटेत फॉक्सटनची लॉकं लागतात; लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून-सोडून बोट चढवतात-उतरवतात. लॉक चढण्यापेक्षा उतरणं धोक्याचं म्हणतात, ते का? आणि आपल्या विष्णुपुरी धरणाला असं लॉक का नाही?

खालची_झडप: दादा, उतरताना खरा धोका मागच्या टोकाला असतो. वरच्या दाराच्या बुडाशी पक्का उंबरा आत आलेला असतो, लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की मागचं टोक त्यावर अडकतं, पुढचं खाली जातं, आणि बोट बघता बघता पाण्याखाली. भिंतीवर पांढरी खूण असते. सुकाणू आणि पंखा तिच्या पुढेच पाहिजेत. लॉक साधारण ७२ फुटी, म्हणजे तुम्हाला पंधराएक फूट मोकळे मिळतील. फक्त पुढचं टोक खालच्या दारात गुंतू देऊ नका.

लॉक आधी काठोकाठ भरून घ्या, पाणी सारखं झाल्याशिवाय दार उघडत नाही, जोर लावू नका. बोट आत घेतली की वरचं दार आणि वरच्या झडपा (यांतूनच पाणी आत-बाहेर सोडतात) पूर्ण बंद. मगच खालच्या झडपा उघडायच्या, सुरुवातीला अर्ध्याच. दोर खुंटीला गाठ मारून ठेवला तर बोट लटकते; एक वेढा द्या, टोक हातात धरा. बाजूचे फेंडर (धक्का झेलायला लटकवलेल्या उशा) वर घ्या, अरुंद लॉकमध्ये तेच पाचर होऊन बसतात.

अडकलीच तर आधी खालच्या झडपा बंद करा, मग वरच्या हळूहळू उघडून पाणी परत भरा. म्हणून झडपेपाशी एक माणूस कायम उभा पाहिजे, मोबाईल खिशात.

कालवा_चारी: झडपा फिरवायचं हँडल दांड्यावर अडकवून सोडू नका. दातेऱ्याची खीळ सुटली तर ते गरगर फिरून उडतं, मनगट नाहीतर दात जातात.

विष्णुपुरीचं म्हणाल तर तिथली दारं पाणी अडवायला आणि पूर सोडायला. जायकवाडीपासून विष्णुपुरीपर्यंत कुठंच बोटीसाठी लॉक नाही, कालव्यालाही पाणी आवर्तनापुरतंच. हिशेब करा: २२ मीटर लांब, सव्वादोन रुंद, अडीच मीटर उतार, म्हणजे एका वेळेला सव्वा लाख लिटर खाली. बारा हजारी टँकर धरले तर दहा! उन्हाळ्यात एवढं कोण सोडेल? गोदावरीवर लॉक बघायचंच असेल तर आंध्रातलं धवळेश्वरम गाठा.

नांदेडचा_नावाडी: पटलं. चढताना काय सांभाळायचं?

खालची_झडप: चढताना पुढचं टोक वरच्या दाराच्या आडव्या तुळईखाली अडकतं. तसं झालं तर उलटं करा: वरच्या झडपा बंद, खालच्या उघडा. आधी काठाच्या जमिनीतल्या झडपा उघडा, दारातल्या नंतर, नाहीतर पाण्याचा लोंढा थेट पुढच्या डेकवर येतो.

फॉक्सटनला एकाला एक लागून पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत, लॉककीपरला विचारल्याशिवाय आत शिरू नका. तिथं आधी लाल झडप, मग पांढरी. लालने बाजूच्या तळ्यातलं पाणी खालच्या लॉकमध्ये जातं, पांढरीने वरच्याचं त्या तळ्यात येतं. उलटं केलं तर तळं ओसंडतं.