मदत हवी आहे: अहवालात माझा दोष 'इन्ट्रॉन'मध्ये आहे असं लिहिलंय, पण इन्ट्रॉन तर पेशी कापून टाकते ना?

नमस्कार मंडळी,

मला अकरावा आठवडा लागलाय. पहिलंच बाळ. नाव नोंदवलं तेव्हा हिमोग्लोबिन १०.२ आलं आणि नेहमीप्रमाणे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६३ म्हणजे कमी होता, ते बघून दुसऱ्या डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) तपासणी करायला सांगितली. त्यात माझं ए-टू हिमोग्लोबिन ५.४ टक्के, म्हणजे जास्त निघालं. लगेच नवऱ्याचं रक्त घेतलं, त्याचं ५.१. म्हणजे आम्ही दोघंही थॅलेसिमिया मायनर (एक जनुक सदोष, पण स्वतःला आजार नाही), आणि लग्नाआधी दोघांनाही याची कल्पना नव्हती.

मग डीएनए तपासणी झाली. परवा अहवाल आला (बीटा ग्लोबिन ही हिमोग्लोबिनमधली एक प्रथिनसाखळी; जी, सी ही डीएनएची अक्षरं):

माझा: बीटा ग्लोबिन, आयव्हीएस १-५, जी ऐवजी सी
नवऱ्याचा: बीटा ग्लोबिन, कोडॉन ४१/४२, चार अक्षरं गळलेली

समुपदेशक बाईंनी नीट समजावलं. बाळाला दोन्ही दोष मिळण्याची शक्यता चारात एक, आणि त्यासाठी आता वारेच्या पेशींचा नमुना घेऊन तपासायला हवं. गुरुवारपर्यंत काय ते कळवायचं आहे.

अडचण पुढे सुरू झाली. आमच्या नात्यातले एक जण कॉलेजात शिकवतात. त्यांनी अहवाल वाचून सांगितलं की आयव्हीएस म्हणजे इन्ट्रॉन, आणि इन्ट्रॉनपासून प्रथिन बनतच नाही, पेशी तो भाग आरएनएमधून कापून काढते. तेव्हा सुनेचा दोष नावापुरताच, खरा दोष मुलाचा एकट्याचा, मग पोटात सुई कशाला घालायची? घरातल्या सगळ्यांना इतका धीर आला की सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मलाही ते खरं वाटावं असं फार वाटतंय. बारावीला जीवशास्त्र होतं, इन्ट्रॉन काढून टाकतात हे मीही शिकलेय. पण मग माझं ए-टू ५.४ कसं? माझ्या तांबड्या पेशी एवढ्या लहान का?

ज्यांना यातलं खरंच कळतं त्यांनी सांगा. फक्त 'तपासणी करून घ्या' एवढं सांगू नका. का करायची ते मला घरी समजावता आलं पाहिजे.

*

प्रतिसाद: मोगरा

ताई, माझा मुलगा थॅलेसिमिया मेजर आहे. नऊ वर्षांचा. दर तीन आठवड्यांनी रक्त, आणि रक्तातून साठणारं लोह काढायला रोजचं औषध. त्याच्या कागदावर 'आयव्हीएस १-५' दोनदा लिहिलंय, एक माझ्याकडून आणि एक त्याच्या बाबांकडून. एकही दोष एक्झॉनमध्ये (जनुकाच्या न कापल्या जाणाऱ्या भागात) नाही. शास्त्र इतर कोणी सांगतील, मी डोळ्यांसमोरचं सांगितलं.

*

प्रतिसाद: निळीशाई

मी आरएनएवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहिते. तुमच्या नातेवाइकांचं अर्धं वाक्य बरोबर आहे. इन्ट्रॉन काढून टाकला जातो. पण कुठून कापायचं याची खूण त्या इन्ट्रॉनमध्येच असते, हे त्यांच्याकडून राहिलं.

शिंपी कापडावर खडूने रेघ मारतो, ते आठवा. रेघेच्या एका बाजूचं कापड सदऱ्यात जातं, दुसऱ्या बाजूचं कतरण म्हणून खाली पडतं. पण रेघ त्या कतरणीवरही उमटलेली असते. कापायच्या आधीच ती तिथून पुसली गेली तर कात्री भलतीकडून जाईल आणि सदराच बिघडेल. कतरण फेकायचीच होती, याचा तिथे काही उपयोग नाही.

आता तुमच्या जनुकात काय झालंय ते बघू. बीटा ग्लोबिनच्या जनुकात तीन एक्झॉन आणि मधे दोन इन्ट्रॉन आहेत. पहिला इन्ट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. पेशी आधी सगळ्याची सलग आरएनए प्रत काढते. तिच्या पुढच्या टोकाला एक टोपी चढते, मागच्या टोकाला 'ए' या अक्षराची लांब शेपटी जोडली जाते, आणि मधले इन्ट्रॉन कापून एक्झॉन एकमेकांना सांधले जातात. या कापण्या-सांधण्याला स्प्लायसिंग म्हणतात. एका अक्षराचीही चूक चालत नाही, कारण प्रथिन बनवताना अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात (असा एक गट म्हणजे कोडॉन).

इन्ट्रॉन कुठे सुरू होतो हे ओळखायचं काम यू-वन नावाच्या छोट्या आरएनएकडे असतं. (ल्युपस या आजाराच्या रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी असे छोटे आरएनए-प्रथिन कण हाती लागले आणि शास्त्रज्ञ जोन स्टाइट्झ यांच्या गटाने १९८० मध्ये ते स्प्लायसिंगशी जोडले. मला हा इतिहास फार आवडतो म्हणून लिहिला.) यू-वनची स्वतःची अक्षरं इन्ट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जोड्या लावून बसतात. जी समोर सी, ए समोर यू. जोड्या पुरेशा जमल्या तर ती जागा कापायची ठरते.

या पहिल्या इन्ट्रॉनची सुरुवात बहुतेक माणसांत अशी असते: जी, टी, टी, जी, जी, टी. (आरएनएमध्ये टीच्या जागी यू.) पहिली दोन अक्षरं यू-वनशी चांगली जुळतात. तिसरं जुळतच नाही. चौथं कसंबसं जुळतं. म्हणजे ही खूण मुळातच फिकी आहे, आणि म्हणून पाचव्या जीवर मोठा भार येतो. तुमच्या एका प्रतीत नेमक्या याच पाचव्या जागी जीऐवजी सी आहे. यू-वनमध्ये तिच्यासमोर सी आहे. सी समोर सी, जोडी लागत नाही. 'आयव्हीएस १-५' याचा अर्थ एवढाच: पहिला इन्ट्रॉन, पाचवं अक्षर.

खूण पुसट झाली की यंत्रणा आसपासच्या तिच्यासारख्या दिसणाऱ्या जागा धरते. अशा तीन जागा माहीत आहेत. दोन पहिल्या एक्झॉनच्या आत, खऱ्या जागेच्या १६ आणि ३८ अक्षरं आधी. तिसरी इन्ट्रॉनमध्ये १३ अक्षरं पुढे. १६, ३८ किंवा १३, यांतल्या कशालाच तीननं भाग जात नाही. त्यामुळे तीनही ठिकाणी कापलं तर पुढचं सगळं वाचन सरकतं आणि त्यातून बीटा ग्लोबिन बनत नाही.

थोड्या प्रती अजूनही योग्य जागी कापल्या जातात, म्हणून या दोषाला 'बीटा प्लस' म्हणतात. पण त्या फारच थोड्या. हा त्या गटातला तीव्र दोष आहे. याच खुणेच्या सहाव्या अक्षरातला एक बदल बराच सौम्य असतो, आणि पहिल्याच अक्षरातल्या बदलानं खूण पूर्ण जाते. एका अक्षराच्या अंतरानं इतका फरक पडतो.

आणि हे घरी नक्की सांगा: आयव्हीएस १-५ हा भारतात सर्वांत जास्त आढळणारा बीटा थॅलेसिमियाचा दोष आहे. महाराष्ट्रातही तोच पहिला. इन्ट्रॉनमधला असला तरी तो नावापुरता नाही.

*

धागाकर्ती

निळीशाई, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. कागदाची पट्टी घेतली, त्यावर अक्षरं लिहिली आणि खरंच कात्रीनं १६ अक्षरं आधी कापून बघितलं. नवऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आता माझं पण समजावून घे.

त्याचा दोष एक्झॉनमध्येच आहे, चार अक्षरं गेलेली. मग त्याचं अर्धवट प्रथिन बनत असेल ना? ते रक्तात साठून त्याला काही त्रास होईल का? त्याला आजवर काहीच झालेलं नाही.

*

प्रतिसाद: निळीशाई

त्यांना त्रास नाही, याचं कारणही आरएनएच्याच कारभारात आहे.

चार अक्षरं गेली की तीन-तीनचं वाचन ४१ पासून सरकतं आणि ५९ व्या गटावर अकाली 'थांबा' येतो. पूर्ण साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. म्हणजे निम्म्याच्याही आत वाचन संपतं.

पण पेशी अशी प्रत सहसा वापरात राहू देत नाही. स्प्लायसिंग होताना प्रत्येक सांध्याच्या जरा आधी, वीस-चोवीस अक्षरांवर, प्रथिनांची एक गाठ ठेवली जाते. पहिल्यांदा वाचन होतं तेव्हा वाचणारं यंत्र या गाठी काढत पुढे जातं. वाचन मधेच थांबलं आणि पुढे गाठ शिल्लक राहिली, तर पेशी ओळखते की ही प्रत सदोष आहे, आणि ती नष्ट केली जाते. अकाली 'थांबा' शेवटच्या सांध्याच्या सुमारे ५० ते ५५ अक्षरांपेक्षा जास्त आधी असला की ही यंत्रणा कामाला लागते. तुमच्या नवऱ्याचा ५९ वा गट त्याच्या बराच आधी आहे. माणसातली ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तीही थॅलेसिमियाच्या रुग्णांतच. १९८१ मध्ये शास्त्रज्ञ लिन मॅक्वाट यांनी दाखवलं की अशा रुग्णांत बीटा ग्लोबिनची आरएनए प्रत तयार होते, पण टिकत नाही.

त्यामुळे तुटकं प्रथिन फारसं बनतच नाही. दुसरं जनुक चांगलं आहे, ते गरज भागवतं. उलट ज्यांचा अकाली 'थांबा' तिसऱ्या एक्झॉनमध्ये येतो त्यांच्यात पुढे गाठच उरलेली नसते, प्रत नष्ट होत नाही, बिघडलेली साखळी बनून पेशीत साचते, आणि असा एकच दोष असूनही माणूस आजारी पडू शकतो. तुमच्या नवऱ्याचा तसा नाही. निर्धास्त राहा.

बाळाचं मात्र वेगळं. दोन्ही दोष मिळाले तर एका जनुकाची प्रत भलतीकडे कापली जाईल आणि दुसऱ्याची नष्ट होईल. सांभाळून घ्यायला चांगलं जनुक नसेल. अशा मुलांना बहुतेक वेळा नियमित रक्त लागतं. गर्भातलं हिमोग्लोबिन पुढे किती टिकतं, हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीची, अल्फाची, जनुकं किती आहेत यावर तीव्रता थोडी बदलते, पण त्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

*

प्रतिसाद: सह्यकडा

व्यवहाराचं सांगतो, आम्ही दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात. ती वेळ गेली तर १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासता येतं, पण मग निकाल उशिरा हाती येतो. नमुन्याबरोबर तुमचं दोघांचं रक्तही द्यावं लागतं, कारण नमुन्यात आईच्याच पेशी मिसळल्या नाहीत ना हे बघतात. दोघांचे दोष आधीच कळले आहेत हे फार चांगलं झालं, प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते ठाऊक आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवर काम करणारी संस्था आहे, तिथे हे काम कित्येक वर्षं होतंय. नमुना घेतल्यानंतर एक-दोन दिवस जड काही उचलू नका, आणि रक्तस्राव किंवा ताप आला तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

एक विचारायचंय निळीशाईंना. आरएनएचं कापणं चुकतं, तर ते औषधानं दुरुस्त करता येत नाही का?

*

प्रतिसाद: निळीशाई

दुसऱ्या एका आजारात करता आलं आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीमध्ये स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. तिथे एसएमएन-टू जनुकाचा सातवा एक्झॉन बऱ्याचदा वगळला जातो. नुसिनर्सेन हे औषध आरएनएवरच्या इन्ट्रॉनमधल्या एका जागेवर जाऊन बसतं आणि तो एक्झॉन आत घ्यायला लावतं. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे तिथे औषधाचं लक्ष्यच इन्ट्रॉन आहे, हेही घरी सांगा.

थॅलेसिमियात १९९३ मध्ये बीटा ग्लोबिनचं चुकलेलं स्प्लायसिंग परीक्षानळीत सुधारून दाखवलं गेलं होतं. पण ज्या दोषात नवी खोटी खूण तयार झालेली असते, तिथे ती झाकता येते. आयव्हीएस १-५ मध्ये खरी खूणच पुसट झालीय, ती परत ठळक करणं जास्त अवघड. शिवाय औषध अस्थिमज्जेतल्या पेशींपर्यंत पोचवायचं असतं. आज मेजर मुलांसाठी कायमचा उपाय म्हणून सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा.

*

धागाकर्ती

कागदाची पट्टी घेऊन काल नात्यातल्या त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाचवं अक्षर स्वतः बोट ठेवून मोजलं, आणि सासूबाईंना स्वतःच म्हणाले, मी चुकीचं सांगितलं होतं, तपासणी करून घ्या. त्यांनी असं सगळ्यांसमोर मान्य केलं याचं मला फार बरं वाटलं.

गुरुवारी होकार कळवते. सोमवारी नमुना घेणार आहेत. मोगराताई, तुमच्या मुलाला खूप आशीर्वाद, तुमचं एक वाक्य सगळ्यात आधी पटलं.

आता शेवटचं. नवऱ्याचा धाकटा भाऊ आणि माझी बहीण, दोघांची लग्नं व्हायची आहेत. त्यांची थेट डीएनए तपासणी करायची का?

*

प्रतिसाद: निळीशाई

आधी साधी रक्ततपासणी आणि एचपीएलसी करा, तेवढ्यानं मायनर आहे की नाही ते बहुतेक वेळा कळतं. अंगात लोह कमी असेल तर ए-टूचा आकडा थोडा खाली दिसू शकतो, म्हणून काठावरचा आला तर लोह भरून काढून पुन्हा करायचं. डीएनए नंतर. आणि अहवाल आला की इन्ट्रॉन शब्द दिसला म्हणून सोडून देऊ नका, इथे विचारा.