नाचावर बेतलेल्या मालिकेत नाचणारा हवा की नट?

तत्कार:
प्राइमवरची 'एत्वाल' (2025) पाहून संपवली. न्यूयॉर्क आणि पॅरिस इथल्या दोन बॅले कंपन्यांना उतरती कळा लागलेली असते, म्हणून त्या एका हंगामापुरती आपल्या आघाडीच्या कलाकारांची अदलाबदल करतात. आठ भाग आहेत, संवाद झकास. पण नायिका शायेन नाचायला लागली की माझा रसभंग व्हायचा. शायेन झालेली लू द लाज अभिनेत्री म्हणून जबरदस्त आहे, पण तिचा अवघड नाच केलाय कॉन्स्टन्स दव्हर्ने हिने. ती स्कॉटिश बॅलेची माजी प्रमुख नर्तिका. मग कॅमेरा काय करतो? चेहरा, कट, पाय, कट, लांबून पाठमोरी, पुन्हा चेहरा. एक अख्खी गिरकी एका माणसाची म्हणून बघायला मिळत नाही. जुन्या हॉलीवूडचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर हट्टाने डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये राहायचा, कट कमीत कमी. उगाच नाही.

माझं मत: नाचाची मालिका करायची तर नाचणारेच घ्या. अभिनय थोडा कच्चा निघाला तरी चालेल.

बाल्कनीतला:
असहमत. 'थोडा कच्चा' म्हणजे किती, ते बघायला नेटफ्लिक्सची 'टायनी प्रिटी थिंग्ज' (2020) बघा. शिकागोतली बॅले शाळा, एक मुलगी गच्चीवरून ढकलली जाते, तिच्या जागी नवी मुलगी येते. त्यातली बरीच तरुण मंडळी खरोखरची नर्तक आहेत. नाच सुरेख, त्याबद्दल वादच नाही. पण तोंड उघडलं की शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक! दहा भागांत नाच किती आणि बोलणं किती, याचा हिशोब करा. मग बोलता येणारी माणसं का नकोत? ती मालिका एका पर्वातच आटोपली.

तत्कार:
आटोपण्याचं म्हणाल तर 'एत्वाल'ला सुरुवातीलाच दोन पर्वांची ऑर्डर होती, तरी पहिल्यानंतर गुंडाळली. नट घेऊनही! आणि 'टायनी'चं दुखणं अभिनयात नाही, लिखाणात आहे. तसले संवाद घेऊन मुरलेला नट तरी काय दिवे लावणार? त्यातल्या नव्या मुलीचं, नेवेआचं, काम केलेली कायली जेफरसन नाचताना बघा. तिचा राग आणि अपमान सगळा पाठीच्या कण्यात दिसतो. तेच ती बोलून दाखवते तेव्हा निम्मं वाया जातं.

रात्रपाळी:
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)
कुणी 'लीजन ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी डान्सर्स' पाहिलीय का? 2010 मध्ये हुलूवर आलेली वेबमालिका, जॉन चूची. हो, पुढे 'विकेड' करणारा तोच. छोटे छोटे भाग आणि नाचणारे म्हणजे अतिमानवी शक्ती असलेले वीर. कुणी पॉपिंग करतो, कुणी क्रम्प, कुणी टॅप. संवाद मोजकेच, गोष्ट बरीचशी निवेदनातून. मालिका यायच्या आधीच ही मंडळी टेडच्या मंचावर आणि ऑस्करच्या सोहळ्यात नाचून आली होती. तत्कार यांच्या मागणीचं हे टोक झालं: सगळे नाचणारेच. आणि मॅड चॅडचा रोबो नाच बघताना खरंच वाटतं की याच्या हाडांत बेअरिंग बसवलेत.

बाल्कनीतला:
पाहिली आहे. नाच थक्क करणारा. पण त्यातल्या एका तरी पात्राचं नाव आता आठवतंय का? मला नाही. नुसता नाच ठेवला तर तालमीच्या चित्रफिती जोडल्यासारखं होतं. निवेदकाला सारखं सांगावं लागतं की हा चांगला, तो वाईट. म्हणजे नाचाने गोष्ट सांगितलीच नाही ना? शेवटी शब्दच आणावे लागले.

कुंदाताई_सातारा:
तुम्ही दोघे नाच वेगळा आणि अभिनय वेगळा असं धरूनच का भांडताय? बैठकीच्या लावणीत बाई बसलेली असते. पाय जवळजवळ नाहीतच. एकच ओळ चार वेळा येते आणि प्रत्येक वेळी अदा निराळी: एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा आर्जव. यमुनाबाई वाईकरांना ऐकलं-पाहिलं असेल तर सांगायला नको. तिथे 'नाच चांगला पण अभिनय कच्चा' असं म्हणताच येत नाही, कारण अदा जमली नाही तर लावणीच जमली नाही.
बॅलेतही ते आहेच की. 'जिझेल' (1841) च्या पहिल्या अंकाच्या शेवटी फसवली गेलेली मुलगी भ्रमिष्ट होते, आणि आधी आनंदाने केलेल्याच स्टेप्स अडखळत, तुटक करते. शब्द एकही नाही. जिला हे जमतं ती नटी नाही तर कोण? मालिकावाले नर्तकांना घेतात आणि अभिनयासाठी त्यांच्या तोंडी कॉलेज कँटीनमधली भांडणं देतात, चूक तिथे आहे.

बाल्कनीतला:
कुंदाताई, रंगमंचावर ठीक. कॅमेरा वीतभर अंतरावर आला की तिसऱ्या बाल्कनीपर्यंत पोचवायची सवय असलेला चेहरा भडक दिसतो. ते कौशल्य वेगळं आहे.
आणि एक विचारतो. आपण मराठी माणसं पिढ्यानपिढ्या पार्श्वगायन ऐकतोय. पडद्यावर ओठ एकीचे, गळा लताबाईंचा. कुणाचा रसभंग झाला? मग पाय दुसरीचे असले तर एवढा त्रागा कशाला?

रात्रपाळी:
हा मुद्दा बिनतोड आहे. +1

तत्कार:
बिनतोड नाही. पार्श्वगायिकेचं नाव रेकॉर्डवर छापलेलं असतं, तिला पुरस्कार मिळतात. नाचाच्या डबलचं, म्हणजे नटीच्या जागी नाचणारीचं, काय होतं? 'ब्लॅक स्वान' या बॅलेवरच्या चित्रपटाच्या वेळी 2011 मध्ये त्यात नायिकेची डबल असलेल्या अमेरिकन बॅले थिएटरच्या सेरा लेनने सांगितलं की पूर्ण अंग दिसणारे बहुतेक शॉट तिचे आहेत. दिग्दर्शक अरोनोफ्स्कीने ते साफ नाकारलं. खरं-खोटं ते दोघे जाणोत, पण असा वाद उभाच राहतो कारण ते काम झाकलेलं असतं. 'फ्लॅशडान्स' (1983) मध्ये तर नाचणाऱ्या मरीन जहानचं नाव श्रेयनामावलीतच नव्हतं.
आणि पार्श्वगायनाच्या आधी आपल्याकडे काय होतं? संगीत नाटक. बालगंधर्व उतारवयात, शरीर सुटल्यावरही तरुण नायिका करत आणि लोक ऐकायला येत. दिसण्यात तडजोड केली, गळ्यात नाही. मी तेच मागतोय.

बाल्कनीतला:
त्याच उतारवयात त्यांची नाटकं कर्जात बुडाली होती आणि लोक बोलपटांकडे वळले होते, हेही लिहा की!

कुंदाताई_सातारा:
वळले, कारण काळ बदलला. गाणं कमी पडलं म्हणून नाही.
तत्कार, श्रेयाचा मुद्दा मात्र पटला. पण मग डबल नको हा हट्ट सोडा, डबलचं नाव ठळक द्या एवढंच मागा. 'एत्वाल'मध्येच तैस विनोलो आहे ना, मिशी झालेली? ती स्वतः नर्तिका आहे, बोलते कमी. तिच्या प्रसंगांत कॅमेरा बघा, मागे सरकून शांत उभा राहतो. एकाच मालिकेत दोन्ही पद्धती आहेत.

तत्कार:
मिशीचे प्रसंग मला सगळ्यात आवडले. म्हणून तर म्हणतोय!

बाल्कनीतला:
आणि मला शायेनच्या शिव्या. तिचे पाय कुणाचे होते ते हा धागा वाचेपर्यंत कळलंही नव्हतं.