'यूज्ड कार्स' (१९८०) निम्म्यावर सोडला. पुढे पाहावा का?

सायंपाळी:
रॉबर्ट झेमेकिसचे सिनेमे क्रमानं बघायला घेतलेत. 'बॅक टू द फ्यूचर'च्या पाच वर्षं आधीचा 'यूज्ड कार्स' काल लावला आणि मधेच बंद केला. जुन्या गाड्या विकणारी टोळी टीव्हीवर चोरून आपली जाहिरात घुसवते, तेव्हा त्यातल्या मॉडेलचा ड्रेस बॉनेटवरच्या चिन्हात अडकतो, बॉनेट उघडतं आणि ड्रेस फाटतो, तिथे थांबलो. शिव्यांचं मला काही नाही. पण ती बाई घाबरलेली असताना आपण हसायचं, हे जमलं नाही. शिवाय सगळेच लबाड. कुणाचं भलं व्हावं असं वाटायला एक माणूस तरी हवा ना? ज्यांनी पुरा पाहिलाय त्यांनी सांगा, लोक याला 'कल्ट' म्हणून इतकं जपतात ते कशासाठी? शेवट सांगितलात तरी चालेल.

तिकीटखिडकी:
कर्ट रसेलसाठी बघा. लहानपणी डिस्नेचा गोड मुलगा, १९७९ मध्ये टीव्हीवर एल्व्हिस, आणि लगेच हा चट्टेरीपट्टेरी कोटातला भामटा. चेहऱ्यावर सतत 'तुमच्याच भल्याचं सांगतोय' असा भाव. आणि समोरासमोर दुकानं असलेले दोन्ही भाऊ, रॉय आणि ल्यूक, जॅक वॉर्डनच झालाय, हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आलं नव्हतं, इतका तो दोघांत वेगळा आहे.

मोलभाव:
सायंपाळी, पुढचा भाग पाहाच. मी विक्रीच्या कामात केस पांढरे केलेत. गाड्या नाही विकल्या, घरगुती यंत्रं विकली. पण माल विकणाऱ्याचं डोकं कसं चालतं हे इतकं नेमकं दाखवणारा दुसरा विनोदी सिनेमा मी पाहिलेला नाही.

तुम्ही सोडलात त्यानंतर थोड्याच वेळात कुत्र्याचा प्रसंग येतो. ल्यूकच्या दुकानातला विक्रेता जेफ (गेरिट ग्रॅहम) एका कुटुंबाला स्टेशन वॅगन दाखवतोय. चक्कर मारताना दुकानाचा पाळीव कुत्रा टोबी गाडीखाली सापडल्याचं सोंग करतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. जेफ शोक करतो, गाडी चालवणारा गृहस्थ अपराधानं पार खचतो, आणि सौदा होतो. फसवणुकीच्या बहुतेक गोष्टींत गिऱ्हाईक हावरट दाखवतात, म्हणजे त्याचं नुकसान झालं तरी आपल्याला फारसं वाईट वाटत नाही. इथे तो माणूस हावरट नाही, सज्जन आहे, आणि त्याच्या सज्जनपणावरच घाला घातलाय. 'आपल्यामुळे याचं इतकं नुकसान झालं, आता याला नाही कसं म्हणू' हे एकदा मनात शिरलं की इंजिनाचा आवाज कोण ऐकतो? ही युक्ती आमच्याही कामात चालते, तिचं रूप फक्त साधं असतं: दोन तास मन लावून माल दाखवायचा, एकही सूट मागितलेली नाकारायची नाही, आणि मग थकून गप्प बसायचं. समोरचा स्वतःहून खिशात हात घालतो. ज्यानं हा प्रसंग लिहिला (झेमेकिस आणि बॉब गेल) त्याला माणसं कळतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, भलं कुणाचं चिंतायचं. रूडी (कर्ट रसेल, ल्यूकच्या दुकानातला विक्रेता) चांगला आणि रॉय वाईट अशी ही गोष्ट नाहीच. दोघांची हत्यारं एकच. रॉय आपल्या सख्ख्या भावाला, ल्यूकला, मुद्दाम भरधाव गाडीत बसवून हृदयविकारानं मरू देतो, कारण त्याचं स्वतःचं दुकान नव्या हमरस्त्यात जाणार आहे आणि समोरचं भावाचं दुकान त्याला हवंय. रूडी काय करतो? प्रेत एडसल गाडीत बसवून दुकानामागेच पुरतो आणि 'मालक मायामीला सुट्टीवर गेलेत' असं सांगत धंदा चालू ठेवतो. रूडीला राज्याच्या सेनेटमध्ये जायचंय, आणि त्यासाठीची उमेदवारी तो पैसे मोजून विकत घेणार आहे. निक्सनच्या विरोधकांनी त्याच्या फोटोखाली 'या माणसाकडून तुम्ही जुनी गाडी घ्याल का?' असं छापलं होतं, ते अमेरिकेत सगळ्यांना पाठ होतं. वॉटरगेट प्रकरणामुळे निक्सनला राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागल्यावर सहा वर्षांनी हा सिनेमा उलट बाजूनं येतो: जुन्या गाड्या विकणाराच निवडणुकीला उभा राहतोय.

आणि मग ल्यूकची मुलगी बार्बरा येते. सगळ्या सिनेमात सरळ वागणारी एवढीच. तिनं केलेली जाहिरात रॉय टीव्ही केंद्रातल्या ओळखीनं कापून-जोडून अशी करतो, की तिच्याकडे मैलभर गाड्या आहेत असा दावा कानावर पडावा. मग खोट्या जाहिरातीबद्दल तिलाच कोर्टात खेचतो. रूडीच्या सांगण्यावरून ती शपथेवर म्हणते, हो, आहेत मैलभर. आता त्याच दुपारी न्यायाधीशासमोर मैल भरून दाखवला नाही तर खोट्या साक्षीबद्दल तुरुंग. रूडी निवडणुकीसाठी जमवलेले सगळे पैसे काढतो, सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याकडून अडीचशे खटारे घेतो आणि गाडी शिकणारी अडीचशे पोरं बसवून वाळवंटातून ते हाकत आणतो.

मला हा सिनेमा आवडतो तो इथे. आयुष्यभर खोटं बोललेला माणूस पहिल्यांदाच एक खोटं खरं करायला निघतो, आणि त्यासाठी त्याला खिशातली शेवटची नोट मोजावी लागते. तो सुधारत नाही. त्याला सुधारायला लावलेलंही नाही. पण जे पैसे लबाडीनं सत्ता विकत घ्यायला ठेवले होते ते दुसऱ्याच्या दुकानासाठी जातात. विनोदी सिनेमात नायकाला इतकी खरी किंमत द्यायला लावणं फार कमी जणांना जमतं. १९८० मध्ये तो चालला नाही, त्याच महिन्यात आलेल्या 'एअरप्लेन'नं गर्दी ओढली. तरी ज्यांनी पाहिला ते विसरले नाहीत.

ओव्हरहॉल:
गाड्यांच्या बाजूनं थोडं. सुरुवातीला रूडी ओडोमीटर, म्हणजे गाडी किती मैल चालली ते दाखवणारा आकडा, मागे फिरवतो. अमेरिकेत हे १९७२ च्या संघराज्याच्या कायद्यानं बेकायदा ठरलं होतं, पण पकडणं अवघड होतं. त्या काळातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत मैलांचे पाचच आकडे असायचे, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे कुणी हात लावला नाही तरी गाडी पंधरा हजार चाललीय की एक लाख पंधरा हजार, हे काचेआड दिसायचं नाही. मालकी बदलताना मैल थेट मालकीच्या दाखल्यावरच नोंदवायची सक्ती १९८६ च्या कायद्यानं झाली. हमी आहे की 'जशी आहे तशी' विकतोय, हे सांगणारा कागद खिडकीवर लावायचा नियम १९८५ पासून. सिनेमातला धंदा या दोन्हींच्या आधीचा आहे.

मैलाचा हिशोबही मी करून पाहिला. ५,२८० फुटांना २५० नं भागलं की गाडीमागे एकवीस फूट येतात. सत्तरच्या दशकातली मोठी सेडान अठरा-साडेअठरा फुटांची. बंपरला बंपर चिकटवला तर मैल भरत नाही, मध्ये अडीच-तीन फूट सोडावे लागतात. रांगेत गाड्या तशाच उभ्या राहतात, तेव्हा आकडा हवेतला नाही. चित्रीकरण ॲरिझोनातल्या मेसाला, खऱ्याखुऱ्या गाड्यांच्या दुकानात झालंय. ते ऊन आणि ती धूळ सेटवर मिळाली नसती.

निळीशाई:
मोलभाव, तुमचं शेवटाबद्दलचं पटतं. पण सायंपाळींचा आक्षेप तुम्ही बाजूला ठेवलात. त्या जाहिरातीनंतर दुसऱ्या दिवशी दुकानात झुंबड उडते. पुढे रॉय सर्कशीतले प्राणी आणून गर्दी ओढतो, तेव्हा रूडी उत्तर म्हणून कपडे उतरवणाऱ्या नर्तकींना नाचवतो. बाईचं उघडं अंग दाखवून माल खपतो, हे सिनेमा ओळखतो. ओळखून झाल्यावर कॅमेराही तेच करतो. त्या मॉडेलला त्यानंतर एक वाक्यसुद्धा मिळायला हवं होतं, तिला काय वाटलं याचं. डेबोरा हार्मनची बार्बरा सोडली तर या सिनेमातल्या बायका म्हणजे सजावट. मी तो दोनदा पाहिलाय, पुन्हाही पाहीन, पण हे वजा करून नाही.

मोलभाव:
बरोबर आहे, निळीशाई. तो प्रसंग मी कुणाला समजावून गळी उतरवणार नाही. त्यातला जेफ मला आवडतो, लाल गाडी अपशकुनी म्हणून थेट प्रक्षेपणात थरथरणारा. पण तिची भीती आणि त्याची भीती एकाच मापानं हसण्यावारी नेलीय, आणि दोन्हींचं वजन सारखं नाही.

सायंपाळी:
सगळ्यांचे आभार. कुत्र्याचा प्रसंग आणि मैलभर गाड्या, एवढ्यासाठी तरी पुरा करतो. दोन गोष्टी विचारतो: वडिलांबरोबर बघता येईल का? आणि कार्टर यांच्या भाषणाचं काहीतरी आहे म्हणतात, ते काय?

मोलभाव:
वडिलांबरोबर नको. अमेरिकेत त्याला 'आर', म्हणजे मोठ्यांसाठीचं प्रमाणपत्र होतं, ते योग्यच होतं.

कार्टरचं असं: रूडीची टोळी दुसऱ्यांदा टीव्हीत घुसते ती थेट राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात. चढ्या किमतींचा नायनाट म्हणून रॉयच्या दुकानातल्या गाड्या धडाधड उडवतात, त्याची लाडकी मर्सिडीजही. १९८० मध्ये अमेरिकेतली महागाई तेरा टक्क्यांच्या वर होती, आदल्या वर्षी पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. भाषण ऐकून ऐकून कंटाळलेल्या लोकांना किमतीवर गोळ्या झाडलेल्या बघायला मिळाल्या. तो प्रसंग आवाज मोठा करून बघा, आणि जमलं तर डीव्हीडीवर झेमेकिस, गेल आणि रसेलची कॉमेंट्रीही ऐका. तिघं मिळून इतके हसतात की मधले संवाद ऐकू येत नाहीत.